दुधाच्या गोठ्याचा पर्यावरणावरील भार: मोजावा कसा आणि कमी करावा कसा

अन्नासाठी पाळलेल्या जनावरांमुळे हवामानावर किती भार पडतो, याचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने वेळोवेळी मांडला आहे. २०१३ च्या अहवालात मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के वाटा पशुपालनाचा धरला होता. २०२३ च्या अहवालात सुधारित पद्धतीने तो सुमारे १२ टक्के धरला आहे. या आकड्यांसोबत येणारे सल्ले मात्र बहुधा ब्राझीलमधील जंगल तोडून केलेली कुरणे किंवा अमेरिकेतील मांसासाठीचे हजारो जनावरांचे कळप डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. अहिल्यानगर, सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यातील पाच-दहा जनावरांच्या गोठ्याला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याकडे गाय-म्हैस मुख्यतः दुधासाठी पाळली जाते, तिच्या पोटात शेतातील कडबा आणि उसाचे वाढे जातात, आणि तिचे शेण आजही शेताचा आधार आहे. म्हणून भार नाही असे नव्हे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९.२५ कोटी गोवंश आणि १०.९८ कोटी म्हशी आहेत, आणि २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन, म्हणजे जगात सर्वाधिक होते. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक गोठ्याने केलेली थोडीशी सुधारणाही मोठी ठरते, आणि तिचा पहिला लाभ गोठ्याच्याच मालकाला मिळतो.

पहिले काम: एका वहीत वर्षाचा हिशेब

सुधारणेला हात घालण्यापूर्वी वर्षाच्या चार गोष्टी लिहून काढाव्यात: जनावरांची संख्या आणि प्रत्येकाची अवस्था (दुभते, गाभण, भाकड, कालवड, बैल), वर्षभरात निघालेले एकूण दूध, विकत घेतलेला आणि पिकवलेला चारा व पेंड, आणि शेणाचे काय होते याची नोंद. दूध संस्थेच्या बिलांवरून दुधाचा आकडा सहज मिळतो, त्यात घरी ठेवलेले आणि वासरांनी प्यायलेले दूध अंदाजाने मिळवावे.

आता मिथेनचा हिशेब. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यात तयार होणारा हायड्रोजन काही विशिष्ट सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात आणि तो बहुतांशी ढेकरेवाटे तोंडातून बाहेर पडतो. भारताच्या राष्ट्रीय हिशेबांमध्ये दुभत्या देशी गाईसाठी वर्षाला सुमारे २८ किलो, संकरित गाईसाठी ४३ किलो आणि म्हशीसाठी ५० किलो मिथेन धरलेला आहे. वाढत्या कालवडीसाठी साधारण २५ किलो धरून चालेल. मिथेन वातावरणात सुमारे बारा वर्षे टिकतो, परंतु शंभर वर्षांच्या कालावधीत मोजला तर एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

एक उदाहरण घेऊ. गोठ्यात सहा संकरित गाई (चार दुभत्या, दोन भाकड), एक म्हैस आणि तीन कालवडी आहेत. मिथेन झाला २५८ अधिक ५० अधिक ७५, म्हणजे ३८३ किलो. त्याला २७ ने गुणले की सुमारे १०,३०० किलो कार्बन डायऑक्साइडचा भार निघतो. वर्षाचे एकूण दूध १६,००० लिटर असेल, तर लिटरमागे भार सुमारे ६५० ग्रॅम आला. आता त्या दोन भाकड गाई वेळेवर गाभण राहिल्या असत्या आणि वर्षाचे दूध २०,००० लिटर झाले असते, तर तोच भार लिटरमागे सुमारे ५२० ग्रॅम पडला असता. दुभती गाय भाकड गाईपेक्षा अधिक खाते आणि अधिक मिथेन सोडते, त्यामुळे प्रत्यक्षातील घट याहून काहीशी कमी असेल; तरीही दिशा स्पष्ट आहे. हा केवळ पोटातील वायूचा हिशेब आहे, त्यात शेण, खत, वीज आणि वाहतूक धरलेली नाही. तो ढोबळ आहे, पण दर वर्षी एकाच रीतीने केला तर गोठा सुधारतो आहे की नाही हे त्यावरून नक्की कळते.

लिटरमागे भार आणि गोठ्याचा एकूण भार हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत, असा माझा आग्रह आहे. लिटरमागे भार कमी झाला म्हणून जनावरे दुप्पट केली, तर हवेला आणि विहिरीला त्यातून काहीच मिळत नाही.

भाकड दिवस कमी करणे

वरच्या उदाहरणातून दिसते की सर्वांत स्वस्त सुधारणा माज, म्हणजे जनावर फळण्यास तयार असल्याची अवस्था, ओळखण्यात आहे. दोन वेतांमधील अंतर तेरा-चौदा महिने असावे असे मानले जाते, पण अनेक गोठ्यांत ते दीड वर्षावर जाते. सकाळी आणि सायंकाळी, धार काढण्याच्या गडबडीव्यतिरिक्त, वीस-पंचवीस मिनिटे शांतपणे जनावरांकडे पाहावे. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका, म्हणजे ठळक लक्षणांविना, असतो आणि रात्री किंवा पहाटे दिसतो. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. व्याल्यानंतर साठ ते नव्वद दिवसांच्या आत पहिले रेतन व्हावे आणि रेतनानंतर दोन-तीन महिन्यांत पशुवैद्यकाकडून गाभण तपासणी करून घ्यावी, कारण गाभण आहे असे समजून सांभाळलेली रिकामी गाय चारा, पाणी आणि महिने सगळेच खर्ची घालते.

नर वासरांचा प्रश्न येथे टाळता येत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गोऱ्ह्याला शेतात काम उरलेले नाही. लिंगनिर्धारित रेतमात्रा (मादी वासरू व्हावे म्हणून निवडलेले वीर्य) वापरल्यास सुमारे नव्वद टक्के वेळा कालवड होते. ज्याला पुढे सांभाळणे शक्य नाही असे वासरू जन्मालाच न येणे, हे त्या जिवाच्या आणि चाऱ्याच्या दोन्ही दृष्टींनी अधिक चांगले.

चारा: पोटातील वाया जाणारी ऊर्जा

मिथेन म्हणजे चाऱ्यातील ऊर्जेची गळती होय. जनावर जे खाते त्यातील साधारण सहा-सात टक्के ऊर्जा ढेकरेवाटे निघून जाते. नुसत्या कोरड्या, निकृष्ट चाऱ्यावर हे प्रमाण वाढते, संतुलित आहारावर घटते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राबवलेल्या आहार संतुलन कार्यक्रमात जनावरांच्या गरजेनुसार चारा, पेंड आणि खनिज मिश्रण यांचे प्रमाण बसवून दिले गेले, आणि त्यातून लिटरमागील मिथेन दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास घटल्याचे मंडळाने नोंदवले आहे. यासाठी कोणतेही महागडे औषध लागले नाही.

आपला आहार पचतो आहे का, हे पाहण्यासाठी एक साधी परीक्षा दर महिन्याला करावी. दोन-तीन दुभत्या गाईंचे ताजे शेण ओंजळभर घेऊन बारीक चाळणीत ठेवावे आणि नळाच्या मंद धारेखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. चाळणीत मक्याचे अख्खे दाणे, सरकीची टरफले आणि बोटाच्या पेरापेक्षा लांब तंतू उरले, तर पेंड न पचताच खाली पडते आहे असे समजावे. अशा वेळी दाणा भरडून द्यावा, पेंड एकदम न देता दोन-तीन वेळांत विभागावी आणि कुट्टीची लांबी तपासावी. दुपारी बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक गाई रवंथ करताना दिसायला हव्यात. तसे दिसत नसेल तर आहारात तंतुमय चारा कमी पडतो आहे.

मात्रा ठरवताना शरीराच्या पोषणासाठी एक ते दीड किलो पशुखाद्य आणि त्यावर गाईला लिटरमागे सुमारे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम हा प्रचलित हिशेब धरावा, आणि रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. उसाच्या वाढ्यांवर जनावरे पोसणाऱ्यांनी खनिज मिश्रण कधीही चुकवू नये, कारण वाढ्यांतील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. कडबा अख्खा टाकू नये; कडबाकुट्टीतून काढलेला चारा गव्हाणीत कमी वाया जातो, आणि वाया गेलेल्या चाऱ्यामागे वाया गेलेले पाणी असते.

भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड हाच मुख्य कोरडा चारा असेल, तर तो अधिक पचावा म्हणून युरिया प्रक्रिया करता येते. शंभर किलो चाऱ्यासाठी चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, प्रत्येक थर पायाने दाबावा, आणि ढीग प्लॅस्टिकने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवावा. खाऊ घालण्यापूर्वी चारा उघड्यावर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाशी येणार नाही याची कसोशीने काळजी घ्यावी, कारण ते जीवघेणे असते. ज्वारीचा चांगला कडबा उपलब्ध असेल तेथे या प्रक्रियेच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. युरिया तयार करण्यातही नैसर्गिक वायू जळतो.

मिथेन कमी करणारी पूरकेही आता आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या वनस्पतींपासून तयार केलेल्या ‘हरित धारा’ या पूरकाने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असे संस्थेचे निष्कर्ष आहेत. आहार संतुलित झाल्यानंतर अशा पूरकाचा विचार करावा, त्याआधी नव्हे.

शेण: हवा बंद झाली की मिथेन

शेण कोरड्या, मोकळ्या ढिगात कुजले तर त्यातून मिथेन फारसा निघत नाही. तेच शेण पाण्यासह खड्ड्यात साचून राहिले, हवा तुटली, की मिथेन सुरू होतो. आणि पावसाळ्यात भरलेल्या उकिरड्यातून नायट्रेट झिरपून शेजारच्या विहिरीत उतरते. म्हणून उकिरडा विहिरीपासून किमान तीस मीटर दूर, जमिनीच्या वर, बांध घालून आणि शक्य असल्यास पत्र्याच्या सावलीत करावा. शेणाच्या प्रत्येक थरावर पाचट, उरलेली वैरण किंवा पालापाचोळा टाकावा आणि पंधरा-वीस दिवसांनी ढीग वरखाली करावा. मूत्र नालीने वेगळे काढून हौदात साठवावे आणि पाणी मिसळून शेतात द्यावे. शेण आणि मूत्र एकत्र मिसळून पडले की अमोनिया झपाट्याने उडतो, आणि गोठ्यात शिरताच डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. जनावरे न बांधता मोकळी ठेवलेल्या मुक्त संचार गोठ्यात शेण पायाखाली पसरून सुकते, त्यामुळे धुण्याचे पाणी पुष्कळ वाचते, मात्र पावसाळ्यात तेथे चिखल होणार नाही असा उतार द्यावा लागतो.

गोबरगॅस हा यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे, पण तो योग्य आकाराचा असेल तरच. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे चाळीस लिटर वायू मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी लागते, म्हणजे चार-पाच जनावरे पुरतात. एक घनमीटर वायू सुमारे ४३० ग्रॅम एलपीजीचे काम करतो. त्या हिशेबाने दोन घनमीटरचे संयंत्र महिन्याला २५ किलोच्या आसपास, म्हणजे १४.२ किलोचे पावणेदोन सिलिंडर वाचवते. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला एवढे पुरेसे आहे. गोठ्यात दहा जनावरे आहेत म्हणून चार घनमीटरचे संयंत्र बांधले आणि निम्माच वायू वापरला, तर उरलेला वायू कुठून तरी हवेत निसटतो. या वायूत ५५ ते ६० टक्के मिथेनच असतो, त्यामुळे न जाळलेला गोबरगॅस साध्या शेणखताच्या ढिगापेक्षा हवामानाला अधिक घातक ठरतो. संयंत्र स्वयंपाकघराच्या गरजेइतके बांधावे आणि उरलेल्या शेणाचे कंपोस्ट किंवा गांडूळखत करावे.

गळती शोधण्यासाठी महिन्यातून एकदा साबणाचा दाट फेस करून घुमटाच्या नळीचा सांधा, झडप, पाण्याचा सापळा आणि शेगडीपर्यंतचे प्रत्येक जोड ब्रशने माखावेत. फेसात एकामागून एक बुडबुडे फुगू लागले की तेथे गळती आहे. ही तपासणी काडी किंवा दिवा पेटवून कधीही करू नये. संयंत्रातून बाहेर पडणारी स्लरी थेट ओढ्यात सोडू नये. पाचटावर घालून सुकवल्यास ती उत्तम खत होते.

शेणाच्या गोवऱ्या करून चुलीत जाळणे हा मात्र दोन्हीकडून तोटा आहे, कारण नत्र शेतातून जाते आणि धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

पाणी: आपल्या भागात हा प्रश्न पहिला

पर्जन्यछायेच्या प्रदेशात गोठ्याचा खरा भार मिथेनपेक्षा पाण्यावर अधिक पडतो, आणि या दोन्हींमध्ये निवड करावी लागली तर पाणी आधी राखावे, असे मी ठामपणे म्हणतो. भरपूर हिरवा चारा दिल्याने लिटरमागील मिथेन कमी होतो हे खरे. परंतु तो चारा उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावर पिकवला असेल, तर हवेवरचा भार काढून आपण तो कातळातील तुटपुंज्या भूजलावर टाकलेला असतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी साठण्यास भेगा आणि झिजलेला थर एवढीच जागा असते.

जगभरातील पशुपालनाच्या पाणीवापराचा अभ्यास सांगतो की त्यातील सुमारे ९८ टक्के पाणी चारा आणि खाद्य पिकवण्यात जाते. हे आपल्या शेतात पडताळून पाहता येते. दहा गुंठे गिन्नी गवत किंवा संकरित नेपियरला पाटाने पाच सेंटिमीटर उंचीची एक पाळी दिली, तर सुमारे ५०,००० लिटर पाणी लागते. दहा लहान-मोठी जनावरे दिवसाला प्रत्येकी सरासरी साठ लिटर पाणी पितात असे धरले, तर ६०० लिटर होतात. म्हणजे चाऱ्याच्या एका पाळीचे पाणी त्या सर्व जनावरांना ऐंशीहून अधिक दिवस पिण्यासाठी पुरले असते. जनावरांच्या पिण्याच्या पाण्यात कधीही काटकसर करू नये. काटकसरीची जागा चाऱ्याच्या वाफ्यात आहे.

तेथे करण्यासारखे पुष्कळ आहे. बारमाही गवताचे क्षेत्र ठिबकवर आणावे आणि उन्हाळ्यात विहीर साथ देईल तेवढेच राखावे. उन्हाळ्याची भिस्त मुरघासावर ठेवावी: खरिपातील मका दाणे चिकात असताना कापून, एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून, हवा निघेपर्यंत तुडवून खड्ड्यात किंवा पिशवीत बंद केला, की पंचेचाळीस दिवसांनी तो खाऊ घालण्यायोग्य होतो. पावसाच्या पाण्यावर आलेला हा मका एप्रिल-मेमध्ये बोअरच्या पाण्याची जागा घेतो. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावावेत. त्यांची मुळे खोल जातात, पाला प्रथिनयुक्त असतो आणि तेवढी विकतची पेंड कमी लागते. २०१९ च्या दुष्काळात बीड, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर जिल्ह्यांत चारा छावण्या उभ्या कराव्या लागल्या, त्या वेळी ट्रक भरून दूरवरून आलेला ऊस जनावरांना खावा लागला. विहिरीला किती पाणी आहे हे पाहून दिवाळीच्या सुमारास जनावरांची संख्या ठरवणे, हे या संकटावरचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, जरी ते कोणालाच सोपे वाटत नाही.

माळरान आणि गाव

मोकळे चरणे वाईटच असते असे नाही. धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवण्याची रीत आजही टिकून आहे, कारण काही रात्रींत जमिनीला लेंडीखत आणि मूत्र दोन्ही मिळते. हानी होते ती पावसाच्या सुरुवातीलाच कोवळ्या गवतावर जनावरे सोडल्याने. गवताचे बी पडत नाही, माती उघडी राहते आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहून जाते. म्हणून गायरानाचे भाग पाडून, गवत बियांवर येऊन बी पडेपर्यंत निदान एक भाग बंद ठेवावा, आणि तेथे मारवेल, पवन्या, अंजन यांसारखी स्थानिक गवते व स्टायलो हे द्विदल चारापीक पेरावे.

एकट्या गोठ्याला हे जमत नाही, गावाने ठरवावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारली, डोंगरावरील गवत चरण्याऐवजी कापून नेण्याची पद्धत घातली, शेतीसाठी बोअर घेण्यास आणि उसासारख्या पिकांना मनाई केली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले गावाचे दूध पुढे हजारो लिटरवर गेले. गाव दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरवते. ज्या गावात दूध संस्था आणि ग्रामपंचायत दोन्ही सक्रिय आहेत, तेथे या ताळेबंदात चाऱ्याच्या पिकांचा आणि जनावरांच्या संख्येचा स्वतंत्र रकाना असावा.

औषधे आणि मेलेले जनावर

गोठ्याचा एक भार सहसा हिशेबात धरला जात नाही. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९० च्या दशकापासून नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांच्यावरही. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकची बाटली गुपचूप गोठ्यात आणण्याचा मोह निक्षून टाळावा आणि पशुवैद्यकाला मेलोक्सिकॅम देण्याची विनंती करावी, ते गिधाडांना अपायकारक नाही. प्रतिजैविकाचा डोस दिल्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस दूध संस्थेला घालू नये. जनावर दगावल्यास ओढ्याच्या काठी टाकू नये. पाण्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. रायगड किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, जेथे गिधाडांसाठी मृत जनावरे ठरावीक जागी ठेवली जातात, तेथे जनावर देण्यापूर्वी शेवटच्या काही आठवड्यांत त्याला कोणते औषध टोचले होते हे वहीत पाहून वनविभागाच्या कर्मचाऱ्यांना सांगावे.